आठ आणे दुखलं

डायलिसिसची सुई ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना आधी सांगते: ती साधारण दीड मिलिमीटर जाडीची असते. दंडावर इंजेक्शन घेताना आपण तोंड फिरवतो, त्या सुईच्या दुपटीहून जाड. आणि अशा दोन. लाल क्लिपची रक्त बाहेर काढायला, निळी ते परत द्यायला. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या पेशंटला वर्षाला २०८ वेळा टोचायचं, तीनदा येणाऱ्याला ३१२ वेळा. तोच हात, फिस्टुलाची (डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडतात, त्याची) तीच वीतभर जागा. मी बारा वर्षं हे काम करतेय आणि पहिली आठ वर्षं एकाही पेशंटला "किती दुखलं?" असं विचारलं नव्हतं. "झालं हं काका, झालं," एवढं म्हणायचं आणि पुढच्या मशीनकडे जायचं.

मग एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला आणि प्रबंधासाठी विषय शोधायची वेळ आली. आमच्याकडच्या प्रबंधांची नावं तीन ओळींची असतात, आणि सुरुवात ठरलेली: 'अमुक उपायाची परिणामकारकता तपासण्यासाठी अभ्यास'. माझा अमुक उपाय म्हणजे बर्फ. दिल्लीच्या एम्समधला एक अभ्यास २००८ साली छापून आला होता, ६० पेशंटवरचा. ज्या हाताला फिस्टुला नाही त्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात दहा मिनिटं बर्फ लावायचा आणि मग टोचायचं. बर्फ लावलेल्यांना दुखणं कमी जाणवलं. दुसराच हात का, तर फिस्टुलावर गारठा नको, रक्तवाहिनी आकसते. बधिर करणारं मलम असतं, पण ते तासभर आधी लावून ठेवावं लागतं, आणि आमचे निम्मे पेशंट पहाटेच्या एसटीनं येतात. त्यात मलमाचा खर्च. बर्फ फुकट.

फुकट म्हणजे तसा फुकट नाही. औषधांच्या फ्रिजचं तापमान रोज वहीत लिहायचं असतं, त्याचं दार सारखं उघडलेलं इनचार्ज सिस्टरना खपत नाही. शेवटी पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये ग्लोव्हजमध्ये पाणी भरून ठेवायला लागले. रात्रपाळीच्या नवीन मुलीनं फ्रीजर उघडला आणि आत पांढराफटक हात बघून ती किंचाळली. त्यानंतर कागदी कप आले.

खरी पंचाईत झाली दुखणं मोजताना. शून्य ते दहाची पट्टी पुढे धरली की तरुण पोरं पटकन सांगायची. शिरोळकडचे एक काका होते, ऊसवाले. त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "शिस्टर, ह्ये धा-बिन काय कळंना. आनेवारीत सांगू का?" आणि पिकाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं, "बारा आनं दुखलं बगा." गाईड मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, मान्य झालेलं मोजमापाचं साधन मध्येच बदलता येत नाही. म्हणून मी त्यांचे आणे ऐकून घ्यायची आणि मग पट्टीवर बोट ठेवायला लावायची. पण त्यांच्या आण्यांवर माझा पट्टीपेक्षा जास्त विश्वास होता. हे प्रबंधात लिहिलेलं नाही.

निकाल हवा तसा आला. तोंडी परीक्षेला बाहेरच्या मॅडम होत्या. पानं चाळता चाळता त्यांनी विचारलं, "दहा मिनिटं बर्फ कोण धरत होतं?"

"मीच, मॅडम."

"गप्प बसून?"

गप्प कशी बसणार? कारखान्यानं बिल दिलं का, नातीचं लग्न जमलं का, सगळं बोलणं व्हायचं. आणि बर्फ न लावलेल्या गटाला? त्यांना नेहमीसारखं: हात पुसला, टोचलं, "झालं हं." म्हणजे एका गटाला बर्फ आणि वर दहा मिनिटं हक्काची सिस्टर, दुसऱ्याला दोन्ही नाही. मी तपासलं काय, बर्फ की बोलणं? उत्तर नव्हतं. मॅडमनी पास केलं, पण घरी येताना बसमध्ये सारखं तेच डोक्यात.

पुढे शिरोळच्या काकांना विचारून, इनचार्जना सांगून, एक साधी वही केली. अभ्यास म्हणण्याइतकं ते मोठं नाही, एका माणसाचं काय होतं एवढंच बघायचं होतं. काही दिवशी नुसता बर्फ, कप त्यांच्या हातात आणि मी लांब. काही दिवशी मी शेजारी बसून गप्पा, बर्फ नाही. काही दिवशी काहीच नाही. महिनाभरात वही छान भरली: काही नाही त्या दिवशी बारा आणे, बर्फाला आठ, गप्पांनाही आठच. मी खूश. म्हटलं, बघा, बोलण्यालाही गुण आहे.

काकांना वही दाखवली तर ते ओशाळले. "गप्पांच्या दिशी तुमचं मन मोडाय नगं म्हनून चार आनं कमी सांगितलं व्हतं."

आता टोचून झालं की मी पडद्यामागे जाते. आमच्या वॉर्डच्या मावशी चहाची किटली घेऊन येतात आणि जाता जाता विचारतात, "किती आनं आज?" आज बर्फ होता की गप्पा, हे मावशींना ठाऊक नसतं आणि त्यांना त्याचं काही पडलेलंही नसतं. कप मी आधीच उचललेला असतो. काका त्यांना बिनदिक्कत खरं सांगतात, वर एखादी शिवीही हासडतात. बर्फाचे आठ आणे मावशींपुढेही आठच राहिले. गप्पांचे अकरा झाले. अगदी बारा नाहीत, अकरा.

तो एक आणा माझा म्हणून मी वहीत लाल पेनानं गोल करून ठेवलाय. मावशी म्हणतात, तो त्यांच्या चहाचा असेल.