मामांची ट्रंक आणि नंबरानं वाचलेला वेताळ

वेताळ, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवट्यातला फँटम, परत वाचायचाय असं कुणी म्हणलं की मी एवढंच सांगतो, अगदी सुरवातीच्या अंकांपासनं धरू नका, मधनं घुसा. मला ती सोय नव्हती. मामांनी जुन्या अंकांची ट्रंक देतानाच अट घातली, नंबरानं लावायची, नंबरानं वाचायची आणि मोठ्यानं वाचायची, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी त्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि कॉमिकच्या फुग्यातलं अक्षर म्हणजे मुंगीच्या पायाएवढं. मी म्हणलं वाचतो की, त्यात काय एवढं.

मामा सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलला होते, राहायला बाळीवेशीत. पगार झाला की स्टेशनवरच्या स्टॉलवर जाऊन इंद्रजालचा मराठी अंक घ्यायचा हा त्यांचा नेम, मामी अजून म्हणतात की ह्या माणसाला सांगितलेली कोथिंबीर आयुष्यात कधी लक्षात राहिली नाही पण अंक कधी चुकला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये काढलं, पहिले ३२ अंक नुसता वेताळ, मग जादूगार मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी मंडळी आली, डिसेंबर १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर आला आणि १९९० ला दुकान बंद. आठशेच्या आसपास अंक निघाले सगळे मिळून. मामांकडं त्यातले किती हे मोजत बसलो नाही पण ट्रंक एकट्याला हलत नव्हती, रिक्षावाल्यानं पण हात लावायचे वेगळे पैसे घेतले.

वाचायच्या आधी दुरुस्ती. डांबरगोळ्या कधीच्या उडून गेलेल्या, कसर लागलेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिना. गंजून गंजून पिनेभोवतीचा कागद तपकिरी झालेला, नुसतं पान उलटलं तरी पिनेपाशी टरकन फाटायचं. मी बोथट सुरीचं टोक पिनेच्या पायाखाली घालून एक एक पाय सरळ करायचो, मग मागनं हळूच ओढायची, ओढताना गंजाची पूड बोटाला लागते ती आधी पुसायची नाहीतर तोच डाग पुढच्या पानावर. मग त्याच भोकातनं सुतानं शिवायचं. सूत काय, सोलापुरात सुताला तोटा नाही, माझा एक मित्र अशोक चौकाच्या पुढं राहतो, घरचे टॉवेलचे माग आहेत, त्याच्याकडनं एक कोन आणला. चिकटपट्टी अजिबात लावायची नाही, ती काही वर्षांनी पिवळी होऊन कागदासकट निघते, मामांनी जिथं जिथं लावली होती तिथला मजकूर गेलेलाच आहे. आणि वाळवायचं ते सावलीत, आपल्या एप्रिलच्या उन्हात हा कागद पापडासारखा मोडतो हे वेगळं सांगायला नको.

हे काम मला आवडलं. वाचायला बसल्यावर मात्र पहिले काही दिवस खरंच कंटाळा आला.

एक तर सुरवातीच्या बऱ्याच अंकांतली चित्रं विल्सन मॅकॉयची. लहानपणी चित्रकार कोण हे बघायची अक्कल नव्हती, आता बघितलं तर माणसं लाकडी, झाडं सगळी एकाच ठशातली. दुसरं, चित्रं कापलेली. वेताळ मुळात अमेरिकन पेपरातली पट्टी, रोज तीन-चार चौकटी, त्या आडव्या पट्ट्या उभ्या पानात बसवायच्या म्हणजे इथनं छाट, तिथनं जोड, त्यामुळं कुणाचं डोकं अर्धं, कुणाचा घोडा नुसता मागच्या पायांचा. रंग रेषेच्या बाहेर गेलेला, वेताळाचा पोशाख एकीकडं आणि जांभळा रंग दुसरीकडं. आणि तिसरं, जे मोठ्यानं वाचल्याशिवाय कळलंच नसतं, दर तीन-चार चौकटींनी तीच गोष्ट परत. म्हणजे एका चौकटीत चोर म्हणतो मी पेटी पळवली, दोन चौकटी सोडून दुसरा म्हणतो याने पेटी पळवली आहे, पुढच्या पानावर वेताळ म्हणतो त्यांनी पेटी पळवली. मी वैतागून दोन फुगे गाळले तर मामा लगेच, "मधलं खाल्लंस का रे?" त्यांना पाठ आहे सगळं.

पेपराचा हिशोब डोक्यात आला तेव्हा हे सुधारलं. ही गोष्ट एका बैठकीत वाचायला लिहिलेलीच नव्हती, मंगळवारी वाचणाऱ्याला सोमवारचं आठवावं म्हणून ती उजळणी. मग मी एका संध्याकाळी अर्धाच अंक वाचायचा असं ठरवलं, जेवण झाल्यावर गच्चीवर, पाणी मारून फरशी जरा गार झाली की. अर्धा अंक वाचून थांबलं की दुसऱ्या दिवशी तीच उजळणी कामाला येते, आणि मामा दिवसभर पुढं काय होणार यावर मामींचं डोकं खातात, त्यांना माहीत असून. मामी म्हणाल्या, "सिरियल बरी यापेक्षा, ती निदान बंद करता येते."

आता खरा मुद्दा. चित्रं, छपाई, उजळणी हे सगळं चालवून घेता येतं. गोष्टीचा पायाच जो आहे त्याचं काय करायचं? एक गोरं घराणं, १५३६ मध्ये समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातनं एक जण वाचून किनाऱ्याला लागतो, बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि तिथनं पुढं एकवीस पिढ्या बापामागं मुलगा मुखवटा घालून जंगल सांभाळतो, जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच, अमर आहे. म्हणजे चारशे वर्षं काळ्या लोकांना काही म्हणजे काही जमत नाही, भांडण मिटवायला, रोगराई आली तर, चोर आला तर, ढोल वाजवायचे आणि कवटीच्या गुहेतनं साहेब यायची वाट बघायची. लेखक ली फॉकनं हे सुरू केलं १७ फेब्रुवारी १९३६ ला. त्याच्या पाचच वर्षं आधी, १२ जानेवारी १९३१ ला, आपल्या गावच्या चौघांना इंग्रजांनी फासावर दिलं होतं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मार्शल लॉ भोगलेलं गाव हे. त्या चौघांच्या पुतळ्यांवरनं रोज शाळेत जाणारी आम्ही पोरं, आणि घरी येऊन गोऱ्या राजाच्या जंगलात रमायचो, कुणाला काही वाटलं नाही, मला तर अजिबात नाही.

छापणाऱ्यांना मात्र थोडं वाटलं असावं. मूळ पट्टीत जंगलाचं नाव आधी बेंगाली होतं, चाचे होते सिंग. आपल्याकडं बेंगालीचं डेंकाली केलं आणि सिंगचं सिंगा. नावं बदलून पाया बदलत नाही म्हणा. आणि हे जंगल आधी कुठं तरी आशियात होतं, पुढं लेखकानं ते उचलून आफ्रिकेत नेलं, पण वाघ तसेच राहिले. माझा टॉवेलवाला मित्र एकदा सूत द्यायला आला आणि गच्चीवर बसला, म्हणाला "काय बे, ह्या वयात हे वाचलालास?" आणि मग अंक ओढून घेऊन, "आफ्रिकेत वाघ कुठनं आला बे?" मी म्हणलं अरे तो वाघ मासे खातो, एक बेट आहे ईडनचं, तिथं वाघ सिंह हरणं एकत्र राहतात आणि वाघसिंहांना मासे खायला शिकवलंय. तो एवढा हसला की खालनं शेजारी विचारायला आले.

मी हे सगळं मामांना एकदा बोललो. वाटलं चिडतील. ते म्हणाले, "मिलमध्ये पण तसंच होतं की, साहेब बदलायचे, कामगार तेच, आणि साहेब आल्याशिवाय साचा सुरू होत नाही असं साहेबाला वाटायचं." मग जरा थांबून, "पण ह्याला पगार नव्हता बघ." आता यावर काय बोलणार. युनियनचा माणूस आहे, वेताळाला पण त्यांनी कामगार करून टाकला.

पुढं वाचत गेलो तसं दिसायला लागलं की लेखकाला पण हळूहळू कळत गेलंय, किंवा जग बदललं म्हणून त्याला बदलावं लागलं, काही का असेना. डेंकालीला निवडून आलेला अध्यक्ष मिळाला, डॉक्टर लुआगा, काळा, शिकलेला, वेताळाच्या बरोबरीनं बोलणारा. जंगल गस्ती पथकाचा प्रमुख आधी गोरा कर्नल वीक्स, नंतर काळा कर्नल वोरोबू. वेताळाची प्रेयसी डायना आधी दर गोष्टीत कुणीतरी पळवून न्यायचं एवढ्यापुरतीच, पुढं संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी, दौरे करणारी बाई झाली, १९७७ ला लग्न, १९७९ ला जुळी. मॅण्ड्रेकचा साथीदार लोथार बघा, सुरवातीला बिबट्याचं कातडं आणि तोडकंमोडकं बोलणं, १९६५ ला फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार झाला तिथनं तो धड कपडे घालून धड बोलायला लागला. हे नंबरानं वाचल्यामुळं दिसतं. अर्थात घोळ असा की इंद्रजालवाले मूळ पट्टीच्या क्रमानं छापायचेच नाहीत, त्यामुळं एका अंकात लुआगा अध्यक्ष आणि पुढच्यात परत सगळे ढोल वाजवून वाट बघताहेत, लोथारचं कातडं येतंय जातंय. मी मग वहीच्या मागच्या पानावर चित्रकार बघून जुनी आणि नवी अशी खूण करत गेलो. साय बॅरीची चित्रं दिसली की नवी, तो १९६१ नंतरचा.

आणि साय बॅरी काय माणूस आहे हो. रात्रीचं जंगल काढावं तर त्यानं. एका पानावर मी बराच वेळ अडकलो होतो, सबंध चौकट जवळजवळ काळी, खाली डावीकडं घोड्याच्या पाठीची एक पांढरी कड, वर पानांच्या मधनं चंद्राचे दोन तुकडे, आणि वेताळ म्हणजे नुसता कमरेच्या पट्ट्याचा आणि मुखवट्याचा आकार. स्वस्त कागदावर, जांभळा सरकलेला असताना, तरी बसलाय तो. मामांना वाचून काय दाखवणार, फुगाच नव्हता. मी सांगत बसलो काय काय दिसतंय ते, तर म्हणाले, "हा तो पूल तुटायच्या आधीचा ना?" पान उलटलं तर खरंच पूल.

मला सगळ्यात मजा आली ती जुन्या वेताळांच्या गोष्टींत. कवटीच्या गुहेत वह्यांची खोली आहे, प्रत्येक वेताळानं आपला काळ स्वतः लिहून ठेवलेला, आत्ताचा एकविसावा वेताळ अडचण आली की पणजोबाची वही काढतो. तिथं लेखक मोकळा सुटतो, राजे, जहाजं, तलवारी, काय वाट्टेल ते, आणि बरेच पूर्वज चुकतात पण, एखादा हट्टी, एखादा प्रेमात पडून वाहवत गेलेला. ती माणसं वाटतात. आणि एक वाईट सांगू का, ठोसा मारल्यावर जबड्यावर उमटणारी ती कवटीची खूण, ती मला अजून तेवढीच आवडते. सगळं कळून. वेताळानं हात मागं घेतला की माझा आवाज आपोआप चढतो आणि मामा मांडीवर थाप मारतात.

बहादूर मी अजून पूर्ण केलेला नाही. कुर्ता आणि जीन्स, जयगड गाव, मैत्रीण बेला, बाप दरोडेखोर भैरवसिंग आणि त्याला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानंच वाढवलेला पोरगा, सुरवात एवढी भारी की वेताळाचं १५३६ त्यापुढं फिकं वाटतं. गोविंद ब्राह्मणियांची चित्रं, बऱ्याच वेताळाची मुखपृष्ठं पण त्यांचीच, ती वेगळी काढून बघावीत अशी. पण मधनं मधनं बहादूर भाषणं देतो, नागरिकांनी सजग राहावं वगैरे, आणि तेव्हा मामा सरळ झोपतात. मी उठवत नाही, दुसऱ्या दिवशी तिथनंच पुढं.

मॅण्ड्रेकचा गठ्ठा टॉवेलवाल्या मित्रानं नेलाय, आफ्रिकेतल्या वाघाला हसलेल्यानंच, "दोन दिवसात देतो बे" म्हणून. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत आला तरी नशीब. मामा रोज विचारतात आणि मी सांगतो पिना काढायचं चाललंय.