ट्रॉलीतून निघालेला रिमोट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, मी ग्रेडर आहे, माल पाहून प्रत ठरवणारा, अकरा वर्षं झाली. गावात ग्रेडर म्हणजे भाव पाडणारा माणूस, मग मी काहीही म्हणो.

गोष्ट मे 2023 ची आहे. एरवी मे महिन्यात जिन बंद असतात, रोलर उघडून ठेवलेले, मजूर आपापल्या गावी. त्या वर्षी मात्र लोकांनी कापूस घरात दाबून ठेवला होता, त्यामुळे ऐन उन्हात, 44 डिग्रीत मशीन चालू होत्या. वाळून कडकडीत झालेला कापूस आणि त्यात एखादी ठिणगी, म्हणजे काय होतं ते जिनिंगवाल्याला विचारा. दिवसभर पाण्याचा टँकर गेटपाशी उभा करून ठेवायचो.

दुपारी दोनच्या सुमारास काकांची ट्रॉली आली. राळेगावकडचे आहेत, ओळख जुनी. दरवेळी भावासाठी वाद घालणारा माणूस त्या दिवशी खाली उतरून नुसता उभा राहिला. म्हणाले, "भाव नोको सांगू बाबू. आंधी माल पाह्य, कसा हाय तं सांग."

आता माल पाहणं म्हणजे काय ते सांगतो, कारण याच एका गोष्टीचा मला अभिमान आहे. ट्रॉलीचा वरचा थर कधीच पाहायचा नाही, तो नवरीसारखा सजवलेला असतो. कोपरापर्यंत हात आत घालायचा, तीन ठिकाणून मूठ काढायची. कवडी म्हणजे किडकी, न उमललेली बोंडं किती, पत्ती म्हणजे पाल्याचा चुरा किती, ओल किती. मग सरकीवरून तंतू उपटून दोन अंगठ्यांत ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा, शेवटी जी पट्टी उरते तिच्यावरून लांबी कळते. मॉइश्चर मीटर आहे, पण आधी हात. नवीन पोरं मीटरचा आकडा वाचून भाव बोलतात, त्यांना फरदडचा, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेला कापूस आणि पहिल्या वेच्याचा कापूस एकच वाटतो.

काकांचा माल पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा होता. तंतूची लांबी तीस मिलिमीटरच्या आसपास, कवडी जवळजवळ नाहीच. फक्त पाच-सहा महिने घरात राहून पिवळसर झाक आली होती, आणि ओल एवढी कमी की मुठीत दाबला तर चुरचुर वाजला. म्हटलं, "काका, माल एक नंबर आहे." ते म्हणाले, "हाव ना."

काटा झाला साडेएकोणचाळीस क्विंटल. डिसेंबरमध्ये त्यांनी गावातल्या काट्यावर मोजला होता तेव्हा बेचाळीस भरला होता. अडीच क्विंटल हवेत गेला. कोणी चोरला नाही, उंदरांनीही नेला नाही, नुसतं पाणी उडालं.

इथून पुढचं मला अजून टोचतं.

डिसेंबर 2021 मध्ये काकांनी मला विचारलं होतं, विकू का ठेवू. क्विंटलला साडेआठ हजार भाव होता, त्याआधी आम्ही असा भाव क्वचित पाहिलेला, मी बिनधास्त म्हटलं विका. त्यांनी विकला आणि एप्रिल-मे मध्ये कापूस बारा हजारांच्या वर गेला. न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या सौद्यांचा भाव, पाउंडाला दीडशे सेंटच्या पलीकडे, इकडे रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची खंडी लाखाच्या आसपास. काका मला तोंडावर काही बोलले नाहीत, पण चहाच्या टपरीवर वर्षभर हीच गोष्ट, आमच्या भाच्यासारख्या पोरानं आम्हाला साडेतीन हजारानं बुडवलं.

डिसेंबर 2022 मध्ये ते परत आले. भाव तोच, साडेआठ. म्हणाले, "औंदा ठेवतो. टीव्हीवर सांगतेत बाजार लय तेजीत हाय."

खरंच सांगत होते टीव्हीवर. त्याच्या आदल्याच आठवड्यात शेअर बाजाराचा सेन्सेक्स पहिल्यांदा 63 हजारांवर बंद झाला होता. आमच्या शेठच्या मुलानं त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले होते, मीही खाल्ला. पण तो बाजार वेगळा आणि हा बाजार वेगळा हे मला माहीत होतं. न्यूयॉर्कचा कापूस तोवर दीडशेवरून शंभरच्याही खाली आला होता. अमेरिकेच्या फेडनं, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेनं, महागाई दाबायला व्याजदर वर्षभरात शून्याजवळून चार टक्क्यांपर्यंत नेले होते, तिकडे लोकांनी कपडे घेणं कमी केलं, दुकानांत जुनाच स्टॉक पडून, सूतगिरण्या अर्ध्या वेळ चालत होत्या. वायद्यात पैसा लावणारे फंडवाले तर कधीच पैसा काढून पळाले होते. आपल्याकडं एमसीएक्सनं, म्हणजे मुंबईच्या वायदे बाजारानं, ऑगस्टमध्येच कापसाचे पुढचे करार काढणं थांबवलेलं, ते फेब्रुवारीत परत सुरू झाले, म्हणजे ऐन हंगामात पुढचा भाव काय हे सांगणारा आपला आरसाच झाकून ठेवला होता. आणि मोबाईलवर रोज एक दीडशहाणा लाल अक्षरात, कापूस 14 हजार होणार. ह्या लोकांना एक दिवस मे महिन्यात ट्रॉली खाली करायला लावली पाहिजे.

मी काय म्हटलं? "तुमचं तुम्ही पाहा काका."

एक तर आदल्या वर्षीचा राग होता मनात. दुसरं म्हणजे आवक नव्हती, जिन अर्ध्या दमानं चालत होती, शेठ रोज ओरडत होते कापूस आणा. अशा वेळी मी विका म्हटलं असतं तर तो सल्ला शेतकऱ्याला होता का शेठसाठी, हे मलाच सांगता आलं नसतं. म्हणून गप्प बसलो. ते प्रामाणिकपणानं होतं का भीतीनं, अजून ठरत नाही.

तर मे मध्ये मी भाव बोललो 7,150. पिवळ्या मालाला शंभर कमी करायचा हुकूम होता, मी पन्नासच केले. काकांनी विचारलं, "माल एक नंबर, मंग भाव काऊन पडला?" मी त्यांना हिशोब करून दाखवला, पावतीच्या मागं. क्विंटलभर कापसातून 34 किलो रुई, 64 किलो सरकी, बाकी घट. खंडी 356 किलोची. खंडीला हजार रुपये हलले की कापसाला क्विंटलमागं पंच्याण्णव हलतात, सरकीला शंभर हलले की चौसष्ट. रुईचा भाव मिल ठरवते आणि मिल न्यूयॉर्ककडं पाहते, सरकीचा भाव अकोल्याच्या ढेपेवर, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीच्या भावावर. ह्यात माझा हात कुठंच नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, "तिकडं कोणीतरी व्याज वाढवलं, अन माह्या घरातला कापूस पडला."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

शेठला ह्यातलं काही लागलं नव्हतं. त्यांच्या रुईच्या गाठी बांधायच्या आधीच दक्षिणेतल्या मिलला विकलेल्या असतात, सरकी त्याच दिवशी तेलवाल्याकडं, उरलेल्यावर वायद्यात विकून मोकळे. काकांचा वायदा म्हणजे घराची मधली खोली. मार्चअखेर सोसायटीचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं घ्यायला, त्यांनी कृषी केंद्रवाल्याकडून पैसे उचलले होते, त्याचं व्याज मी हिशोबात धरतच नाही. नुसता भाव आणि घट मिळून पंचाहत्तर हजारांच्या आसपास गेले.

ट्रॉली खाली होताना एक मजूर ओरडला. कापसात कचरा सापडणं नवं नाही, पुड्या, सुतळ्या, एकदा तर चप्पल निघाली होती, आणि त्यावरून मी भल्याभल्यांशी भांडलोय. ह्या वेळी निघाला टीव्हीचा रिमोट. काका हसले, त्या दिवसात पहिल्यांदा. खोलीत कापूस छतापर्यंत भरला तेव्हा टीव्ही मागंच राहिला, डिसेंबरपासून कोणी पाहिलाच नव्हता. घरचे खाजेमुळं अंगणात झोपायचे, सुनेच्या हातावर लाल चट्टे उठलेले. टीव्हीनं शेवटचं त्यांना सांगितलं ते बाजार तेजीत आहे एवढंच.

रिमोट धोतराला पुसून त्यांनी खिशात टाकला आणि चुकाऱ्याच्या खिडकीकडं गेले.

त्यानंतर दरवर्षी त्यांचा फोन येतो. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारनं कापसाच्या आयातीवरचं 11 टक्के शुल्क तात्पुरतं काढलं तेव्हा तर माझ्याआधी त्यांनाच कळलं होतं. आता मी गप्प बसत नाही, जे आकडे दिसतात ते सगळे वाचून दाखवतो आणि म्हणतो अर्धा काढा, अर्धा ठेवा. मागच्या खेपेला विचारलं, ठेवलेला कुठं भरला? म्हणाले, "त्याच खोलीत. पन टीव्ही बाहीर काढला आंधी."