सैन्य नाही, मग सांभाळतं कोण?

मॉरिशसला राहते म्हटलं की महाराष्ट्रातून येणारे पाहुणे हमखास विचारतात, "तुमच्याकडे सैन्यच नाही म्हणे, मग वेळ आली तर करता काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळं पोलीसच करतात. भारतात पोलीस राज्याचे, तटरक्षक दल केंद्राचं, राखीव दलं आणखी निराळी. इथे एकच मॉरिशस पोलीस दल आणि त्याचा एकच आयुक्त. पोर्ट लुईच्या लाइन बॅरॅक्समध्ये त्याचं मुख्यालय. ठाण्यातला शिपाई, हेलिकॉप्टर पथक, समुद्रातली गस्ती जहाजं, सगळे त्याच्याच हाताखाली.

सैन्यासारखं दिसतं ते स्पेशल मोबाइल फोर्स, म्हणजे एसएमएफ. १९६० मध्ये ब्रिटिश पलटण बेटावरून हलली तेव्हा ते उभं राहिलं. मुख्य तळ वाक्वाला. बंदुका आहेत, चिलखती गाड्या आहेत, पण माणसं पोलिसांतलीच. काही काळ तिथे काढून पुन्हा ठाण्यात येणारी. चक्रीवादळानंतर मदतीला तीच धावतात.

या रचनेतली खरी अडचण फेब्रुवारी १९९९ मध्ये दिसली. लोकांचा लाडका गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. १९६८ च्या जानेवारीत दंगल झाली तेव्हा ब्रिटिश सैनिक आले होते. या वेळी ज्या दलाच्या कोठडीत माणूस गेला, त्याच दलाला शांतता राखायला रस्त्यावर उतरावं लागलं. मधे उभं राहायला दुसरं कुणी नव्हतंच. हे मला आजही अस्वस्थ करतं.

समुद्राचं काम १९८७ पासून नॅशनल कोस्ट गार्डकडे आहे, तेही पोलिसांचाच भाग. त्याची 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलियंट' ही जहाजं गोवा शिपयार्डची, 'बाराकुडा' कोलकात्याची. या दलाचं नेतृत्व भारतीय नौदलातून आलेले अधिकारी करत आले आहेत. तेव्हा "वेळ आली तर" याचं सरळ उत्तर असं, की बाहेरून मोठा हल्ला झाला तर आमची भिस्त मित्रदेशांवर, विशेषतः भारतावर.

तरी इथे सैन्य उभारावं असं मला वाटत नाही. मला काळजी आयुक्ताच्या खुर्चीची आहे. पंतप्रधानांनी त्याला धोरणाची दिशा द्यावी, पण दल कसं वापरायचं हे त्यानेच ठरवावं, अशी संविधानाची तरतूद आहे. एवढी सत्ता एका हाती असताना तो हात कुणाचा, याकडे आमच्या संसदेने आणि वर्तमानपत्रांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.