रडीचा डाव, आयरिश स्टाईल

गेल्या शनिवारी सकाळी साडेदहाला मी आयर्लंडमधल्या ड्रॉएडा गावच्या एका मैदानावर, भर पावसात, हातात पांढरा झेंडा घेऊन गोलपोस्टच्या शेजारी उभा होतो. पोरगं अंडर-१३ गेलिक फुटबॉल खेळतं, म्हणजे खेळतं कमी आणि बेंचवर सँडविच खातं जास्त, आणि इथे लहान पोरांच्या मॅचला अंपायर म्हणून दोन्ही टीमचा एकेक पालक उभा करतात. आमच्या कोचने शोधक नजरेने सगळीकडे बघितलं, बाकीचे आईबाप अचानक फोनमध्ये गुंतले, मी नवीन असल्यामुळे सापडलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. पंधरा-पंधरा जण, गोल बॉल, हाताने पण धरायचा आणि पायाने पण मारायचा, पोस्ट रग्बीसारखी एच आकाराची. आडव्या दांड्याच्या खालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट आणि हिरवा झेंडा. दांड्याच्या वरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक पॉइंट, पांढरा झेंडा (२०२५ पासून मोठ्यांच्या मॅचला लांबून मारलं तर दोन, पण ते असो). बाहेरून गेला तर अंपायरने दोन्ही हात फाकवायचे, वाईड. काम एवढंच. मला वाटलं, ह्यात काय चुकणार?

तर आमच्या एका पोराने बॉल असा उंच उडवला की तो खांबाच्या टोकाच्याही बराच वरून गेला. आता खांब संपल्यावर पुढे मनातल्या मनात खांब वाढवायचा आणि ठरवायचं की आत का बाहेर. मला वाटलं बाहेर, खरं सांगतो, आतून वाटलंच की बाहेर. पण मागून आमचे आईबाप "पॉइंट! पॉइंट!" ओरडले आणि माझा हात आपोआप वर गेला, झेंडा फडकला पण. समोरच्या खांबाला दुसऱ्या टीमचा एक बाबा होता, त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. सेकंड हाफमध्ये आमच्या टोकाला त्यांच्या पोराचा सेम तसाच बॉल आला, त्याने शांतपणे झेंडा वर केला, आणि मी बुटाकडे बघत राहिलो. हिशोब फिट्ट. मॅच आम्ही सात पॉइंटने हरलो ती गोष्ट वेगळी.

घरी येऊन हे शेजारच्या आजोबांना हसत हसत सांगितलं आणि चूक केली. ते पक्के लाउथवाले. ड्रॉएडा म्हणजे लाउथ काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं), पण नदीच्या दक्षिणेला थोडं गेलं की मीथ काउंटी सुरू होते, आणि लाउथवाल्यासमोर "अंपायर", "लाइन", "गोल" असे शब्द एकत्र काढले की तो थेट २०१० मध्ये जातो. डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम, लेन्स्टर ह्या प्रांताच्या स्पर्धेची फायनल, लाउथ विरुद्ध मीथ. लाउथने १९५७ नंतर लेन्स्टर जिंकलेलं नव्हतं, इंज्युरी टाइम चालू, लाउथ एक पॉइंट पुढे. गोलसमोर झुंबड उडाली आणि मीथचा खेळाडू जो शेरिडन बॉल हातात घेऊनच लाइनच्या पलीकडे पडला. असा गोल होतच नाही, नियमात बसत नाही, टीव्हीवर सगळ्या देशाला दिसलं. रेफरी मार्टिन स्लडनने गोल दिला. मीथ १-१२, लाउथ १-१० (पहिला आकडा गोल, दुसरा पॉइंट). मॅच संपल्यावर लाउथचे काही प्रेक्षक मैदानात घुसले आणि रेफरीला धक्काबुक्की झाली, पोलिसांना त्याला बाहेर काढावं लागलं.

मला ह्या गोष्टीतला त्याच्यानंतरचा भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो. रेफरीने चूक मान्य केली. पण जीएए, म्हणजे इथली ह्या खेळाची मुख्य संस्था, म्हणाली की मॅच परत खेळवायला लावायचा अधिकार आम्हाला नाही, मीथने स्वतःहून ऑफर दिली तर बघू. आणि मीथने दिली नाही. म्हणजे चूक एका माणसाने तीन सेकंदात केली, ती निस्तरायला बाकीच्यांकडे अख्खा आठवडा होता आणि कोणीच निस्तरली नाही, तरी आजोबा आजपण शिव्या देतात त्या रेफरीलाच. मीथवाल्यांना पण देतात म्हणा. आणि मी विचारलं की आजोबा, गोल लाउथचा असता तर तुम्ही दिली असती का रिप्ले, तर चहा गार होतोय म्हणाले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे आयर्लंडमध्ये पण सेमच आहे.

पण चुकून झालेली चूक वेगळी आणि ठरवून केलेला फाउल वेगळा. इथे त्याला सरळ सिनिकल फाउल म्हणतात. ऑगस्ट २०१३, ऑल-आयर्लंडची, म्हणजे अख्ख्या देशाच्या स्पर्धेची, क्वार्टरफायनल, मॉनहनचा कॉनर मॅकमॅनस गोलवर एकटा सुटलाय आणि टायरोनचा शॉन कॅव्हना त्याला मागून धरून चक्क रग्बीसारखा आडवा पाडतो. शिक्षा काय तर यलो कार्ड आणि एक फ्री किक. म्हणजे तीन पॉइंट जाणार होते तिथे एक गेला, टायरोन मॅच दोनने जिंकलं. टीव्हीवर मॅचची चर्चा करणारा जो ब्रॉली (स्वतः डेरीकडून १९९३ ची ऑल-आयर्लंड जिंकलेला) असा काही भडकला की तो व्हिडिओ लोक अजून बघतात. मला विचाराल तर कॅव्हनाने नियम वाचून गणित केलं. राग यायचाच तर गणित तसं मांडणाऱ्यांचा यावा. गंमत म्हणजे अशा फाउलसाठी ब्लॅक कार्ड त्याच वर्षी मंजूर झालेलं होतं, पण लागू होणार होतं १ जानेवारी २०१४ पासून!

बरं, ब्लॅक कार्ड आलं तरी काय झालं, सुरुवातीला त्याचा अर्थ एवढाच की तो प्लेयर बाहेर आणि त्याच्या जागी दुसरा ताजातवाना आत. २०१७ ची ऑल-आयर्लंड फायनल बघा, डब्लिन विरुद्ध मेयो. मेयोने १९५१ नंतर कप जिंकलेला नाही, त्यांचं दुःख हा वेगळ्या पोस्टचा विषय. शेवटी स्कोअर बरोबरीत आणि डब्लिनचा डीन रॉक फ्री किक घ्यायला पळतोय, तेवढ्यात मेयोच्या ली कीगनने स्वतःच्या अंगावरचं जीपीएसचं यंत्र काढून त्याच्या दिशेने फेकलं. हो, फेकून मारलं! रॉकने तरी पॉइंट मारलाच. मग लगेच मेयोचा गोलकीपर किक-आउट घेणार (म्हणजे गोलजवळून किक मारून खेळ परत चालू करणार) तर डब्लिनवाल्यांनी मेयोच्या प्लेयर्सना मिठ्या मारून जमिनीवर पाडलं, पास द्यायला कोणी उभाच नको. कीअरन किलकेनीला ब्लॅक कार्ड मिळालं, पण शेवटच्या मिनिटाला बाहेर जायचं दुःख कुणाला? १-१७ विरुद्ध १-१६, डब्लिन चॅम्पियन. दोन्हीकडून रडीचा डाव, एकाचा चालला आणि दुसऱ्याचा नाही चालला इतकंच. २०२० पासून ब्लॅक कार्डला दहा मिनिटं बाहेर बसवायला लागले, बदली प्लेयर नाही, तेव्हा कुठे जरा टोचायला लागलं.

आणि रेफरी एकसारखे का वागत नाहीत ह्याचं उत्तर मला तरी टॅकलमध्ये दिसतं. खांद्याला खांदा चालतो, बॉल उघड्या हाताने उडवला तर चालतो, धरलं-ओढलं की फाउल. कागदावर सोपं आहे. पण ज्याच्याकडे बॉल आहे त्याला चारच पावलं मिळतात, मग बॉल आपटायचा नाहीतर पायावरून परत हातात घ्यायचा, आणि तेवढ्यात तिघं त्याच्यावर पडलेले असतात. आता फाउल त्यांचा का पावलं ह्याची जास्त झाली? एक रेफरी म्हणतो हे, दुसरा म्हणतो ते, आणि दोघं बरोबर असू शकतात हाच प्रॉब्लेम आहे. २०२२ मध्ये आर्मा-गॉलवे क्वार्टरफायनलला एक्स्ट्रा टाइमच्या आधी टनेलपाशी तुफान हाणामारी झाली, एकाच्या डोळ्यात बोट घातल्याबद्दल आर्माच्या पॅनलमधल्या (म्हणजे संघातल्या) माणसाला २४ आठवड्यांची बंदी बसली. पण मैदानावर त्या क्षणी रेड कार्ड कोणाला, तर दोन्ही टीमच्या कॅप्टनना! सुक्याबरोबर ओलंही जळतं ते हे. दोघांचीही कार्डं नंतर रद्द झाली.

२०२५ पासून डब्लिनचा माजी मॅनेजर जिम गॅव्हिन ह्याच्या कमिटीचे नवीन नियम आलेत. रेफरीशी बोलायचं ते फक्त कॅप्टनने, फाउल झाल्यावर बॉल समोरच्याला नीट हातात द्यायचा, हुज्जत घातली की फ्री किक सरळ ५० मीटर पुढे. आणि हे चाललंय! ५० मीटर म्हणजे जवळपास फुकटचा स्कोअर, त्यामुळे मोठमोठे तोंडाळ प्लेयर गपगुमान बॉल देऊन मागे पळताना दिसतात, संस्कार वगैरे काही बदललेले नाहीत, रेट वाढलाय. फक्त साइडलाइनला उभ्या आईबापांना ५० मीटर मागे न्यायची सोय अजून केलेली नाही. शनिवारचा आमचा रेफरी साठीचा असेल, एकटा, पावसात, आणि आमच्यातली एक बाई, जी एरवी इतकी गोड आहे की मला रस्ता ओलांडताना हात करते, ती त्याला आंधळा म्हणत होती.

आजोबांना विचाराल तर २०२५ च्या मे मध्ये लाउथने लेन्स्टर जिंकलं, ६८ वर्षांनी, आणि फायनलला हरवलं कोणाला तर मीथलाच. मी पेढे नाही पण बाकरवडी घेऊन गेलो होतो. म्हटलं झालं आता फिटलं, तर म्हणाले, हा एक, २०१० चा अजून येणं आहे.

आत्ता लिहिता लिहिता कोचचा मेसेज आला, ह्या शनिवारी परत अंपायर हवाय. मी जर्सी धुवायला घेतो म्हणून कळवलंय.