तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र डाव्या हाताला

“राहायचं कुठं हे न ठरवता एकट्याच गाडी घेऊन कोकणात जाता, ते कसं काय जमतं हो तुम्हाला?” कोल्हापुरात हा प्रश्न मला कुठंही गाठतो. कपिलतीर्थात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात आणि त्यांतल्या कितीतरी जणींना स्वतःला जायचं असतं, हे बोलण्यावरून कळतं. म्हणून दोन वाक्यांत बोळवण न करता सविस्तर सांगते.

मी काहीच ठरवत नाही, हा समज खरा नाही. कोणत्या घाटानं उतरायचं आणि कोणत्या घाटानं चढायचं, हे घरातून निघतानाच पक्कं असतं. त्या आठवड्यातल्या भरती-ओहोटीच्या वेळा मला माहीत असतात. दुपारी चारनंतर पुढचं गाव धरायचं नाही, हा नेम आहे. मोकळं ठेवते ते फक्त मुक्कामाचं गाव, आणि ते मोकळं ठेवण्याचं कारण कोकणच्या किनाऱ्यातच आहे.

मुंबई-गोवा महामार्ग समुद्राकाठानं जातो असं पुष्कळांना वाटतं. आपल्या बाजूला तो कणकवली, कुडाळ अशा आतल्या गावांवरून जातो, समुद्र दिसतसुद्धा नाही. किनाऱ्यालगतचा रस्ता वेगळा, रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग, आणि तो प्रत्येक खाडीला अडखळतो. सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ आहे की इथल्या नद्या लांबीला लहान आणि संख्येनं भरपूर. प्रत्येकीच्या मुखाशी खाडी. भोगव्याला कर्ली नदीच्या मुखाशी उभं राहा, पलीकडं देवबागचे माड अगदी हाताशी आल्यासारखे दिसतात. होडीनं काही मिनिटांचं अंतर. गाडीला मात्र परुळ्याकडून आत जाऊन पूल गाठायचा, मग मालवण, तारकर्ली, आणि त्या चिंचोळ्या पट्टीवरून शेवटी देवबाग. या वळशात पोफळीच्या बागा लागतात, खाडीकाठची घरं लागतात, एखाद्या देवळात भजन चालू असतं. संध्याकाळी अमुकच गावात खोली घेतलेली असली की हा सगळा वळसा घड्याळाकडं बघत संपतो. तो वळसाच मला हवा असतो. मी जाते ती त्याच्यासाठी.

घाटांच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर भाग्यवान आहोत. आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली, एवढ्या वाटांनी आपल्याला खाली उतरता येतं. मी बहुधा निपाणी, उत्तूर, आजरा करून आंबोलीनं उतरते आणि किनाऱ्यानं उत्तरेकडं जात जात गगनबावड्यावरून घरी येते. बरेच लोक उलटं करतात. पण उत्तरेकडं तोंड करून गाडी चालवली की समुद्र डाव्या हाताला येतो, आणि आपण डाव्या बाजूनंच चालतो. एखादं वळण आवडलं की रस्ता न ओलांडता गाडी कडेला घेता येते. एकटीनं चालवताना हे फार सोयीचं आहे. शेजारी बसून “जरा थांब, मागून ट्रक येतोय” म्हणणारं कुणी नसतं.

निघायचं उजाडल्यावर. गळिताचा हंगाम असेल तर आपल्या जिल्ह्यातले रस्ते पहाटे उसाच्या ट्रॅक्टरनी भरलेले असतात, मागं दोन ट्रॉल्या आणि दिव्याचा पत्ता नाही. पावसाळ्यात घाटाची खात्री करून घ्यावी लागते. दरड कोसळते, मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर आलं की गगनबावड्याची वाट बंद होते. मोबाईलवरचा नकाशा तेव्हाही निवांतपणे तीच वाट दाखवत राहतो. मी आधी एसटी स्टँडवर चौकशी करते. तळकोकणातून रात्री आलेल्या गाडीचा ड्रायव्हर जे सांगतो ते खरं.

आंबोली उतरून सावंतवाडी मागं टाकली की रेडी, शिरोडा, आरवली ही गावं लागतात. शिरोड्याला मिठागरं आहेत आणि 1930 साली तिथं मिठाचा सत्याग्रह झाला. आरवलीला मात्र मी हमखास जास्त रेंगाळते. तिथला वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून नवस फेडायला लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात, माणसाच्या पायाच्या मापापेक्षा कितीतरी मोठ्या. आपण चपलेच्या गावचे. आपल्याकडं चप्पल देवळाच्या बाहेर काढून ठेवायची वस्तू, आणि इथं तीच देवापुढं मांडलेली! ते टाके, तो पट्टा, तळ जोडायची पद्धत मी दर वेळी निरखून बघते. कोल्हापुरी डोळ्यांना ती कारागिरी ओळखीची वाटते. एवढ्या रात्री फिरणाऱ्या देवाच्या गावात एकटीनं मुक्काम करायला मला कधी संकोच वाटला नाही, हेही इथंच सांगून टाकते.

आता भरती-ओहोटी. हे शिकून घ्याच, कारण किनाऱ्यावरचा दिवस त्याच्यावर चालतो. घरातली दिनदर्शिका पुरते. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, दिवसाही आणि रात्रीही, आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण तासानं पुढं सरकते. हा ढोबळ हिशेब आहे, पण दिवस आखायला चालतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार बेताचा. पौर्णिमेच्या दिवशी भरती अकरा-सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढंमागं. त्या वेळेला देवगडजवळच्या कुणकेश्वराला पोचलात तर देवळाखालच्या खडकांत कोरलेली शिवलिंगं उघडी पडलेली दिसतात. भरतीला गेलात तर नुसत्या लाटा दिसतील. मुक्काम कुठं करायचा हे मला पुष्कळदा असं तिथीवरून सुचतं.

आणि पोहण्याबद्दल एकदा कळकळीनं सांगते. रंकाळ्यात, पंचगंगेत पोहायला शिकलेली आपली माणसं समुद्रात बिनधास्त उतरतात. नदीतलं पोहणं इथं उपयोगी पडत नाही. खाडीच्या मुखाशी ओहोटी लागली की आत भरलेलं सगळं पाणी एका अरुंद वाटेनं समुद्राकडं ओढ घेतं, आणि वरून ते शांत दिसतं. एकटी असताना मी गुडघ्याच्या वर पाणी येऊ देत नाही. गावातला मच्छीमार “इथं नको” म्हणाला की तिथं नाही.

चार वाजले की घर शोधायचं. डिसेंबरात सहाला अंधारतं, रस्ते अरुंद, आणि देवगड-मालवण बाजूला चिऱ्यांचे ट्रक असतात. घर शोधणं म्हणजे काय, तर गाडी हळू करून पाट्या वाचायच्या, नाहीतर किराणा दुकानात विचारायचं. “घरगुती जेवण व राहण्याची सोय” अशी पाटी असते. स्वयंपाकघर बाईच्या ताब्यात आहे का, एवढं मी बघते. आधी खोली बघायची नाही, आधी पडवीत बसायचं, पाणी प्यायचं, बोलायचं. “एकट्याच इलात?” हा प्रश्न येतोच. मी सरळ हो म्हणते आणि कोल्हापूरची आहे हे सांगते. मग अंबाबाईचं दर्शन, कुणाचं तरी दूध संघातलं काम, कुणाची बहीण राधानगरीला दिलेली, असं काहीतरी निघतंच. मालवणाशी तर आपला जुना संबंध. सिंधुदुर्ग 1812 च्या तहात इंग्रजांकडं गेला, तोवर तो कोल्हापूरच्या छत्रपतींकडं होता.

जेवणाचं आधी सांगून ठेवावं लागतं. हे शहरातून येणाऱ्यांना कळत नाही आणि ते दुपारी दोन वाजता एखाद्या छोट्या गावात पोचून उपाशी राहतात. या घरांत शिजवून ठेवलेलं काही नसतं. मासळी आली, तुम्ही सांगितलंत, की मग तुमच्यापुरतं रांधतात. चारला पोचलं की रात्रीचं सांगता येतं आणि त्या दिवशी बाजारात काय आलं तेही कळतं. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण, भात आणि सोलकढी. मी घरी तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेली, तरी या जेवणापुढं मला काही सुचत नाही. दुपारसाठी सकाळीच घावणे बांधून घेते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीची आशा धरून जाऊ नका. त्या दिवसांत समुद्र बघायला जा, तो तेव्हा वेगळाच असतो.

खोली मिळालीच नाही तर? दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, मे महिना आणि गणपती, एवढे दिवस टाळले की मिळते. गणपतीत मुंबईची सगळी माणसं गावी आलेली असतात, तिथं आपण पाहुणे म्हणून लुडबुड करू नये. महाशिवरात्रीला कुणकेश्वर भरलेलं असतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख मात्र पंचांगात सापडायची नाही. ती देवीचा कौल घेऊन ठरते आणि लाखो लोक मालवण तालुक्यात येतात. फेब्रुवारीच्या मागंपुढं जाणार असाल तर ती जाहीर झाली का हे कुणाला तरी विचारा. जत्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी. ज्या जत्रेचा दिवस माणसं ठरवत नाहीत तिला लाखोंनी लोक आपापली कामं बाजूला सारून येतात, हे मला फार आवडतं.

भीतीचं विचारता, तर मी काळजी घेते. संध्याकाळी गाव आणि घराचा फोन नंबर बहिणीला कळवते. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरते, कारण पंप तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या रस्त्यांवर, किनाऱ्यावर नाही. रोख पैसे जवळ असतात, कारण खाडीच्या खोलगट भागात मोबाईलला रेंज मिळत नाही आणि तिथं ऑनलाइन पैसे देता येत नाहीत. एवढं केलं की मला भीती वाटत नाही. चारचौघांत गेलं की आपण आपसातच बोलत राहतो. एकटं गेलं की समोरच्याशी बोलणं भागच पडतं, आणि कोकणी माणूस सुरुवातीला हातचं राखून बोलतो खरा, पण बोलायला लागला की घरचं सगळं सांगतो. जाळी विणणाऱ्या एका आजोबांनी मला मासळी का कमी झाली, मोठ्या ट्रॉलरनी किनाऱ्याजवळची मासळी कशी खरवडून नेली, हे सगळी दुपार समजावून सांगितलं. बरोबर कुणी असतं तर “चला, उशीर होतोय” म्हणून मी उठले असते.

पहिल्यांदा जाणाऱ्या बायकांना मी सगळा किनारा सुचवत नाही. करूळ घाटानं उतरा, वैभववाडी, तळेरे करून सरळ देवगड गाठा. कुणकेश्वर बघा. मग उत्तरेला पडवणे, गिर्ये करत विजयदुर्गाला या. वाघोटन खाडीच्या मुखाशी तीन तटांत उभा असलेला तो किल्ला सावकाश, खालून वर, बघायचा आहे. रत्नागिरीच्या वरची जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे ही गाडीसकट पलीकडं नेणारी फेरीबोट पुढच्या खेपेला, आंबा घाटानं. विजयदुर्गातून दुपारी दोनच्या आत निघालात तर करूळ घाट उजेडात चढून होतो.