भिकू बोलत नाही

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी पुन्हा 'आक्रोश' सिनेमा लावला. बाहेर संततधार, दोनदा लाईट गेली, तरी शेवटपर्यंत पाहिलाच. लेक पहिल्यांदाच बघत होती. अर्ध्या तासाने म्हणाली, "बाबा, हा माणूस बोलत का नाही?" मी म्हटलं, "बघत राहा."

भिकू लहान्या. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर. त्याचा वकील कुलकर्णी जीव तोडून विचारतोय आणि हा खाली मान घालून गप्प. ओम पुरीचे नुसते डोळे. आणि शेवटी, बापाच्या चितेपाशी बहिणीवर कुऱ्हाड घातल्यावर, ती किंकाळी. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. पुढे बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

श्रेयनामावलीशी मात्र मी आज अडलो. कथा-पटकथा विजय तेंडुलकर, संवाद सत्यदेव दुबे. मग तेंडुलकरांच्या इतर हिंदी पटकथा आठवत गेलो. 'निशांत'चे संवादही दुबेंचेच, 'मंथन'चे कैफी आझमींचे, 'अर्धसत्य'चे वसंत देवांचे. म्हणजे ज्या नाटककाराचं नाव संवादांमुळे झालं, त्याने हिंदीत संवाद दुसऱ्यांच्या हाती सोपवले. त्याच्याकडे उरलं काय? कोण कधी बोलेल, कोण गप्प बसेल, कुठलं दार कधी उघडेल, एवढंच. आणि तेवढ्यावर 'मंथन'ला पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

तेंडुलकरांचं नाटक 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 चं. तिथेही कोर्ट नायिकेला, बेणारेला, बोल म्हणतं तेव्हा ती गप्पच असते. तिचं ते मोठं स्वगत फक्त आपल्याला ऐकू येतं. तेरा वर्षांनी भिकूला तेवढंही स्वगत दिलं नाही. मला वाटतं, नाटककार तेंडुलकर पटकथाकार झाले ते इथे. सिनेमात कॅमेरा माणसाच्या इतका जवळ जातो की त्याने बोलायची गरज उरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

मराठीत 'सामना'चे संवाद त्यांचेच. पण तिथेही सगळा सिनेमा एका प्रश्नावर उभा आहे : मारुती कांबळेचं काय झालं? साखर कारखाना, जीप, माणसं, सत्ता, सगळं हिंदुराव धोंडे पाटलांच्या मुठीत, आणि हा दारुडा मास्तर तेवढंच विचारत फिरतो. मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंच्या तोंडून प्रत्येक वेळी तो प्रश्न वेगळा ऐकू येतो आणि हिंदुराव झालेल्या निळूभाऊ फुलेंच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं थोडं उतरत जातं. आमच्या गावाकडे अजूनही कुणी एखादं प्रकरण दाबलं की माणसं चहाच्या टपरीवर हेच वाक्य म्हणतात. पटकथेतलं वाक्य लोकांच्या बोलण्यात इतकं मुरावं, याहून मोठा मान मला तरी माहीत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर माझ्या एकांकिकेची वही काढली. आजीचं दीड पानी भाषण होतं, मुलगा घर सोडून जातो त्यावरचं. आठवडाभर त्यावर घाम गाळला होता, शब्दन् शब्द आवडता. पेन्सिलने सगळ्यावर रेघ मारली. आता आजी काही बोलत नाही. त्याच्यासाठी तव्यावर टाकलेली भाकरी उलटते, शेकते आणि गॅस बंद करते.

उद्या तालमीत करून बघायचं.