इथिलियनमधली झाडं

कादंबरीत निसर्गवर्णन आलं की दोन पानं उलटून थेट संवादावर जाणारे वाचक मला पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी मी मनापासून भांडते, आणि भांडताना दर वेळी टॉल्किनच्या कादंबरीतल्या इथिलियन या काल्पनिक प्रदेशाचा दाखला देते.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या खंडात फ्रोडो आणि सॅम हे दोन हॉबिट, म्हणजे बुटकी माणसं, आणि त्यांचा वाटाड्या गोलम शत्रूच्या मॉर्डोर देशाच्या काळ्या प्रवेशद्वारापाशी पोचतात, पण आत शिरता येत नाही, म्हणून दक्षिणेकडे वळतात. त्याआधी कितीतरी पानं नुसती दलदल, पाण्याखालून वर बघणारे मेलेल्यांचे चेहरे, राखेचे ढीग. मग इथिलियन येतं आणि टॉल्किन झाडांची नावं घेत सुटतो. सीडर, सायप्रस, टॅमरिस्क, टेरेबिंथ, ऑलिव्ह, बे, मर्टल, खाली थाइम, सेज, खडकांच्या फटींत सॅक्सिफ्रेज. नुसतं 'रम्य वनराई' म्हणून तो भागवत नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे ही यादी मी जरा संशयानेच तपासली. ती चोख आहे. टेरेबिंथ हे पिस्त्याच्या प्रजातीतलं झाड, आणि ऑलिव्ह, बे, मर्टल यांच्या संगतीत ते भूमध्य समुद्राच्या आसपास वाढतं. हॉबिटांचं गाव हॉबिटन ऑक्सफर्डच्या अक्षांशावर धरलं तर मिनास टिरिथ हे शहर साधारण फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर येतं, असं टॉल्किनने एका पत्रात लिहिलं आहे. इथिलियन त्याच शहराच्या समोर, नदीपलीकडे. म्हणजे प्रवासी दक्षिणेला किती खाली आले, हे नकाशा न उघडता झाडांवरून कळतं.

पण मला हा उतारा आवडतो तो त्यातल्या नाकांसाठी. पायाखाली चुरडलेल्या पाल्याचा एकच वास तिघांना येतो. गोलमला खोकला येतो, ओकाऱ्या येतात. हॉबिट मात्र छाती भरून श्वास घेतात आणि सॅम हसतो, काही विनोद झाला म्हणून नव्हे, जीव हलका झाला म्हणून. सॅम माळी आहे. ही बाग त्याच्याच डोळ्यांना दिसायला हवी होती.

थोड्याच वेळात त्याच सॅमचा पाय जळक्या रिंगणात पडतो. मध्ये हाडं आणि कवट्या. त्यांच्यावर जंगली गुलाब नि क्लेमॅटिस चढायला लागलेत. तो परत येतो आणि कुणाला काही सांगत नाही. टॉल्किनही तिथे फार थांबत नाही, आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

पुढे गोलम ससे आणतो. सॅमला रश्श्यात घालायला बे, थाइम, सेज हवं असतं, चूल पेटते, विझवायची राहते, धूर वर जातो आणि फारामिर या सेनानीची माणसं येऊन उभी राहतात. वर्णन वगळणाऱ्यांना मी हेच विचारते: यातली झाडं काढली तर कथानक कुठून सुरू करणार? १९४४ मध्ये ही प्रकरणं लिहिताना टॉल्किनने मुलाला कळवलं होतं की हा नवा माणूस आपण रचलेला नाही, तो इथिलियनच्या रानातून आपला आपण चालत आला. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि चौरस्त्यावरचा तो दगडी राजा! शत्रूने मुंडकं उडवलेलं, ते रस्त्याकडेला पडलेलं. कपाळावर पांढऱ्या फुलांचा वेल, दगडी केसांच्या भेगांत पिवळं स्टोनक्रॉप. स्टोनक्रॉप आपल्या पानफुटीच्या कुळातलं. मांसल पानांत पाणी साठवतं, म्हणून चिमूटभर मातीवर तगतं. दगडाच्या डोक्यावर मुकुट होऊन उगवायला याहून योग्य झाड मला सुचत नाही.

असाच झाडाकडे नीट बघणारा दुसरा उतारा अर्सुला ली ग्विनच्या १९६८च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त आहे. ओगियन हा जादूगार आपल्या शिष्याला वाटेकडेचं एक रोप दाखवतो. शिष्य विचारतो, याचा उपयोग काय? ओगियन म्हणतो, मला माहीत असलेला तरी कुठलाच नाही. मूळ, पान, फूल, बी, सगळ्या ऋतूंत ओळखलंस की मग त्याचं खरं नाव शिकता येईल. प्रथम वर्षाच्या मुलांना मी हा उतारा वाचून दाखवते.

इथिलियन पहिल्यांदाच वाचणार असाल तर थेट तिथे उडी मारू नका. दोन प्रकरणं मागे जा, दलदलीपासून सुरुवात करा आणि मधली राख वगळू नका. त्याशिवाय थाइमचा वास येणार नाही.